तेहरानचे 444 दिवस: अमेरिकेला 52 माणसं का सोडवता आली नाहीत

परवा राजारामपुरीतल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेखाली चहा घेताना एका पोरानं विचारलं, "सर, 1979 ला इराणात, तेहरानमध्ये अमेरिकेच्या वकिलातीतली माणसं 444 दिवस ओलीस होती. एवढी मोठी महासत्ता, मग 52 माणसं सोडवायला सव्वा वर्ष का लागलं? आणि माणसं सुटली तर मग अजून भांडण कशाचं चालूय?" चहा संपेपर्यंत काय धड सांगता आलं नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, मी बत्तीस वर्षं परराष्ट्र खात्यात काढली पण राजदूत बिजदूत नव्हतो, चान्सरीतला, म्हंजे वकिलातीच्या ऑफिसातला माणूस, सायफर (सांकेतिक संदेश), डिप बॅग (वकिलातीचं सीलबंद टपाल), अकाउंट्स, व्हिसा काउंटर असली कामं केली, त्यामुळं माझं उत्तर जरा तळमजल्यावरनं दिसतं तसं आहे.

सुरुवात पन्हाळ्यापासनं करतो, हसू नको. 1660 ला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजी तोफा आणि दारूगोळा घेऊन आला आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणून राहायची परवानगी असलेली माणसं, आणि लढाईत पडली. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर मारलं, वखार खणली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रज उचलून नेले, जवळजवळ दोन वर्षं कैदेत ठेवले. कैदेतनं त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना तक्रारीची पत्रं लिहिली तर सुरतेचं उत्तर काय आलं, की तुम्ही कंपनीचा माल राखताना नाही पकडले गेलात, पन्हाळ्यावर आपलं निशाण लावून गोळे उडवायला गेला होतात, ते तुम्हाला चांगलं माहितीय. म्हंजे स्वतःच्या हेड ऑफिसनंच कान उपटले.

ही गोष्ट सांगायचं कारण, तेहरानच्या वकिलातीत घुसलेल्या इराणी पोरांचा युक्तिवाद नेमका हाच होता. ही वकिलात नाही, हेरांचा अड्डा आहे, 1953 ला सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून पंतप्रधान मोसद्देकचं सरकार पाडलं आणि शहाला, म्हंजे इराणच्या राजाला, परत बसवलं, आता परत तेच करणार. आणि 1953 चं खोटं नव्हतंच. फरक एवढाच की राजापूरचे इंग्रज वकील नव्हते, व्यापारी होते, आणि 1661 ला कुठला व्हिएन्ना करारही नव्हता. 1979 ला होता. 1961 चा व्हिएन्ना करार, कलम 22, वकिलातीच्या आवारात यजमान देशानं परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला टाकूही द्यायचं नाही. कलम 29, राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही. मग तो हेरगिरी करत असेल तर? त्याला कलम 9 आहे, पर्सोना नॉन ग्राटा जाहीर करायचं, आमच्याकडं सगळे नुसतं पीएनजी म्हणतात, की बाबा तू आम्हाला नको, बॅग भर आणि निघ. कारण सांगायचीसुद्धा गरज नाही. इराणला ते करता आलं असतं, अख्खी वकिलात अठ्ठेचाळीस तासांत रिकामी करता आली असती. ती केली नाही, इथंच सगळं पाणी मुरतंय.

आता घटना पटापट. जानेवारी 1979 ला शहा देश सोडून गेला, 1 फेब्रुवारीला क्रांतीचे नेते खोमेनी परत आले. 14 फेब्रुवारीलाच वकिलातीवर एकदा हल्ला झाला होता, हे पोरांच्या नोट्समध्ये नसतं. तेव्हा नव्या सरकारनं मधे पडून काही तासांत वकिलात मोकळी करून दिली. तेच शहर, तीच इमारत, आणि बऱ्याच अंशी तेच सरकार. मग नोव्हेंबरात काय बदललं? 22 ऑक्टोबरला अमेरिकेनं कॅन्सरच्या उपचारासाठी शहाला न्यूयॉर्कला येऊ दिलं, त्यावरनं तेहरान पेटलं. त्यात 1 नोव्हेंबरला इराणचे पंतप्रधान बाझरगान अल्जियर्सला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सुरक्षा सल्लागाराला, ब्रेझिन्स्कीला भेटले, आणि इकडं लोकांना वाटलं हे बघा चाललं परत साटंलोटं. 4 नोव्हेंबरला विद्यार्थी भिंतीवरनं आत घुसले. त्यातल्या काहींनी नंतर सांगितलंय की थोडा वेळ बसायचं, घोषणा द्यायच्या आणि निघायचं एवढंच ठरलं होतं. पण बाहेर लाखालाखाची गर्दी जमायला लागली आणि खोमेनींनी त्याला पाठिंबा दिला. दोन दिवसांत बाझरगानचं सरकार गेलं.

इथं जरा थांब. वकिलातीत घुसणारी गर्दी जगात कुठंही जमू शकते. 21 नोव्हेंबर 1979 ला इस्लामाबादची अमेरिकन वकिलात जाळली, माणसं मेली, पण पाकिस्तान सरकारनं ते कृत्य आपलं म्हणून मिरवलं नाही, म्हणून दोन देशांचे संबंध तुटले नाहीत. तेहरानला गर्दीचं काम सरकारनं आपल्या नावावर घेतलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 24 मे 1980 च्या निकालात हेच दोन भागात सांगितलं. पहिल्या दिवसाचा हल्ला हा थेट सरकारचा म्हणता येत नाही, पण संरक्षण दिलं नाही हा सरकारचा दोष. आणि खोमेनींनी शिक्कामोर्तब केल्यावर पुढचा प्रत्येक दिवस हा इराण या राष्ट्राचा स्वतःचा गुन्हा. त्या बेंचवर आपले नगेंद्र सिंहही होते. निकाल वाचायला मिळाला तर जरूर वाच, गाईडपेक्षा सोपा आहे. इराण कोर्टात आलाच नाही, नुसतं पत्र पाठवलं की ओलिसांचा मुद्दा किरकोळ आहे, पंचवीस वर्षांच्या अमेरिकन ढवळाढवळीचं बघा. कोर्टानं म्हटलं मग या आणि मांडा, पण त्यासाठी माणसं डांबायचा हक्क मिळत नाही.

मग निकाल लागून का सुटले नाहीत? कारण कोर्टाकडं पोलीस नसतो. सुरक्षा परिषदेनं डिसेंबर 1979 मध्ये दोन ठराव केले, 457 आणि 461, पण जानेवारीत निर्बंधांचा ठराव आला त्याला सोव्हिएत युनियननं नकाराधिकार वापरला. त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी अफगाणिस्तानात रणगाडे घातले होते, ते कुठून निर्बंधांना हात वर करणार.

आता खरं उत्तर. माझं मत असं की ओलीस ठेवणारा पलीकडच्या देशाशी बोलत नसतो, तो आपल्याच गल्लीतल्या लोकांशी बोलत असतो. डिसेंबर 1979 ला नवीन राज्यघटनेवर मतदान, जानेवारीत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, मग मजलिसची म्हंजे संसदेची निवडणूक, या सगळ्या काळात इराणात उदारमतवादी, डावे, मौलवी असे पाचपन्नास गट एकमेकांच्या छाताडावर बसले होते, आणि जो कोण म्हणेल की सोडा आता त्या अमेरिकनांना, तो लगेच गद्दार ठरायचा. वकिलातीत सापडलेले कागद वापरून कुणाकुणाचं राजकारण संपवलं. मग अशा वेळी ओलीस सोडायचे कुणी? प्रत्येकाला माहिती होतं की हे फार दिवस पेलणार नाही, पण पहिला हात कुणी काढायचा हाच प्रश्न. आमच्याकडं ऊस दराच्या आंदोलनात रस्ता अडवून बसलेल्यांचं कधीकधी असंच होतं, सगळ्यांना घरी जायचंय पण पहिला उठला की तो फुटला म्हणतात.

आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेनं स्वतःच भाव वाढवला. रोज रात्री टीव्हीवर आज अमुकावा दिवस असं मोजायला लागले, झाडांना पिवळ्या फिती बांधल्या, कार्टर व्हाइट हाऊस सोडून प्रचारालाही जाईनात. माणुसकी म्हणून बरोबर असेल, पण बाजारात गेल्यावर आपल्याला हीच म्हैस पाहिजे म्हणून डोळ्यात पाणी आणून उभं राहिलं तर विकणारा दर कमी करतो का? कार्टर माणूस सज्जन, पण ही त्यांची चूक असं मला आजही वाटतं.

सुटकेची मोहीम, एप्रिल 1980 ची ईगल क्लॉ, थोडक्यात सांगतो कारण त्यावर सगळीकडं भरपूर लिहिलेलं आहे. निमित्झ या विमानवाहू जहाजावरनं आठ हेलिकॉप्टर निघाली, कमीत कमी सहा पाहिजे होती, धुळीच्या वादळानं आणि बिघाडानं पाचच धड उरली, वाळवंटातल्या तळावर मोहीम रद्द केली आणि परत फिरताना हेलिकॉप्टर विमानाला धडकून आठ सैनिक मेले. भर रात्री निर्जन म्हणून निवडलेल्या त्या जागी प्रवाशांनी भरलेली एक बस येऊन पोचली होती, प्लॅनिंगवाल्यांनी हे एकदा तरी वाचावं. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मोहीम फत्ते झाली तरी मी राजीनामा देणार, आणि दिला. आमच्या खात्यात असली माणसं दुर्मिळ. नंतर इराणनं ओलीस वेगवेगळ्या गावी पांगवले, म्हंजे दुसरा प्रयत्नही गेला.

मग सुटले कसे? दोन्हीकडची गरज बदलली म्हणून. जुलै 1980 ला शहा कैरोला वारला, म्हंजे शहाला परत द्या ही मागणीच मेली. मजलिस बसली, सत्ता मौलवींच्या हातात पक्की झाली, ओलिसांचं घरातलं काम झालं. 22 सप्टेंबरला इराकच्या सद्दामनं इराणवर हल्ला केला आणि आता पैसा पाहिजे होता. आणि पैसा कुठं होता, तर अमेरिकेत गोठवलेला. 14 नोव्हेंबर 1979 लाच कार्टरनी आणीबाणीचा आदेश काढून इराणी सरकारच्या अब्जावधी डॉलरच्या ठेवी, सोनं, सगळं कुलपात घातलं होतं.

इराण अमेरिकेशी समोरासमोर बोलायला तयार नव्हता म्हणून अल्जेरिया मधे आला, त्यांचे परराष्ट्रमंत्री बेन याहिया आणि त्यांची माणसं तेहरान, अल्जियर्स, वॉशिंग्टन अशा खेपा घालत होती. आणि सौदा अडला कुठं, तर आधी पैसे का आधी माणसं. गुळाच्या बाजारात घेणारा आणि विकणारा एकमेकाला ओळखत नसले तरी सौदा होतो ना, कारण मधे अडत्या असतो. तसंच केलं, जवळपास आठ अब्ज डॉलर लंडनला बँक ऑफ इंग्लंडमध्ये अल्जेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावानं एका खात्यात ठेवले आणि माणसं इराणबाहेर निघाली असं अल्जेरियानं कळवल्यावर खातं उघडलं. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकन बँकांची कर्जं भागवायलाच गेला, इराणच्या हातात रोख तीन अब्जांपेक्षा कमीच पडले. सव्वा वर्षाच्या खटाटोपात इराणला स्वतःचाच पैसा, तोही कापून, परत मिळाला. 19 जानेवारी 1981 ला करार झाला आणि 20 ला नवे राष्ट्राध्यक्ष रेगनचा शपथविधी उरकल्यावर काही मिनिटांतच विमान उडालं. कार्टरला तेवढंही श्रेय मिळू दिलं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, अजून भांडण का. बघ, माणसं सोडली पण त्यांच्यासाठी जी यंत्रणा उभी केली ती मोडली नाही. तो 14 नोव्हेंबरचा आणीबाणी आदेश त्यानंतरचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष दरवर्षी वाढवत आलाय. 7 एप्रिल 1980 ला तोडलेले राजनैतिक संबंध अजून तुटलेलेच आहेत, 1980 पासून तेहरानमध्ये अमेरिकेचा निरोप स्वित्झर्लंडची वकिलात पोचवते, आणि वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम आधी अल्जेरियानं आणि नंतर पाकिस्तानच्या वकिलातीनं बघितलं. अल्जियर्स करारानं हेगला इराण-अमेरिका दाव्यांचं लवाद कोर्ट काढलं, त्यातल्या जुन्या हिशेबापोटी जानेवारी 2016 ला अमेरिकेनं 1.7 अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं आणि पहिले 40 कोटी रोख नोटांनी विमानात भरून पाठवले, नेमके त्याच वेळी इराणनं काही अमेरिकन कैदी सोडले, मग ओबामांवर खंडणी दिली म्हणून केवढा गहजब. आणि जानेवारी 2020 ला ट्रम्प यांनी धमकी दिली की इराणमधली 52 ठिकाणं निवडून ठेवलीत. 52 का? ओलीस 52 म्हणून. चाळीस वर्षांनी आकडा तोच.

अणुकार्यक्रमावरचे निर्बंध नंतरचे, ते वेगळं प्रकरण, सगळं 1979 च्या खात्यावर टाकू नको. पण दोन देशांत भांडण असलं तरी वकिलात असली की खालच्या पातळीवरची माणसं एकमेकाला फोन करत राहतात, सेकंड सेक्रेटरी सेकंड सेक्रेटरीला कॉफीवर भेटतो, आणि निम्मे गैरसमज तिथंच विझतात. ती सोयच नसली की प्रत्येक गोष्ट एकदम वरच्या मजल्यावर जाते. कंदाहारला डिसेंबर 1999 मध्ये आपण तेच भोगलं. आपलं पळवलेलं विमान तालिबानच्या मुलखात आणि आपली तालिबानला मान्यता नाही, काबूलला वकिलात नाही, बोलायचं कुणाशी? इथनं माणसं पाठवून शून्यापासनं ओळख काढावी लागली, आणि शेवटी तीन अतिरेकी सोडून प्रवासी आणले.

भारताला 1979 चा चटका बसलाच. मी तेव्हा कॉलेजात, गंगावेशीत रॉकेलच्या रांगेत पहाटे कॅन ठेवून यायचो आणि कॅनला दगड बांधायचो म्हणजे कुणी सरकवू नये. क्रांतीनं इराणचं तेल घटलं, जगात दर दुपटीच्या वर गेले, मग इराण-इराक युद्ध, आणि आपण तेल घेणार त्या दोघांकडनंच. रेडिओवर तेहरान तेहरान ऐकू यायचं पण त्याचा आणि माझ्या कॅनचा संबंध आहे हे नोकरीला लागल्यावर कळलं. पुढं 2019 च्या मे पासनं आपण इराणचं तेल घ्यायचं बंद केलं, इराणातल्या चाबहार बंदराचं काम सारखं अडखळतं, तेही अमेरिकेच्या निर्बंधांमुळं.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली. तेहरानच्या वकिलातीत गर्दी घुसेपर्यंत स्टाफनं कागद श्रेडरमध्ये घातले, पण श्रेडर शेवयांसारख्या लांब पट्ट्या काढणारा. इराण हा गालिचे विणणाऱ्यांचा देश, त्यांनी बसून पट्टीला पट्टी जोडली आणि कागद परत उभे करून पुस्तकं छापली, खंडच्या खंड. आम्हाला ट्रेनिंगला हे सांगायचे आणि आम्ही हसायचो. मग एका देशात पोस्टिंगला असताना, नाव घेत नाही, गेटबाहेर दोन-तीनशे माणूस जमला, दगड यायला लागले आणि वरनं आदेश आला की कागद नष्ट करा. आमचा श्रेडरही तसलाच जुना, दहा मिनिटांत तापून बंद पडला, नवीन मागून दोन वर्षं झाली होती आणि फाईल फिरत होती. मग मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात जाळायला घेतलं. तुला सांगतो, जाड फाईल जळत नाही. कडा काळ्या होतात आणि आतलं पान पांढरंशुभ्र, अक्षर न अक्षर वाचता येतं. टाके काढून पान पान सुटं करून टाकावं लागतं, बांबूनं ढवळावं लागतं, चार तास लागले. तेवढा वेळ गेटवर आमचा तिथलाच ड्रायव्हर उभा होता, गर्दीतल्या एकदोघांना नावानं ओळखत होता म्हणून गप्पा मारत राहिला. पोलीस आले ते सगळं निवल्यावर. असल्या वेळी वकिलात करारानं वाचत नाही, लोकल स्टाफनं वाचते, आणि नंतर त्यांच्यावरच संशय घेतला जातो.

आपल्याकडचं उदाहरण विचारशील तर पुण्यातला म्हात्रे पूल, त्यावरनं शंभरदा गेला असशील. रवींद्र म्हात्रे, बर्मिंगहॅमला आपल्या कार्यालयात अधिकारी, 3 फेब्रुवारी 1984 ला घरी जाताना पळवले, मुलीच्या वाढदिवसाचा केक हातात होता. तुरुंगातल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बटला सोडा आणि दहा लाख पौंड द्या अशी मागणी, आणि दोनतीन दिवसांतच मारून टाकलं. 11 फेब्रुवारीला बटला तिहारला फाशी दिली. तेहरानशी ताडून बघ. तिथं ओलीस सरकारच्या हातात होते, सरकारला जिवंत माणसाची किंमत कळते, म्हणून 444 दिवस का होईना सगळे जिवंत आले. म्हात्रेंना पळवणाऱ्यांना ना देश ना पत्ता, त्यांच्याशी बोलणार कोण, आणि वेळ दिलाच नाही. म्हणून परीक्षेच्या मुलाखतीत कुणी ओलीस प्रकरणावर विचारलं तर पहिला प्रश्न स्वतःला हा विचार की धरणारा कोण आहे, सरकार की टोळी.

आणि नियम मोडणाऱ्यालाच कधी तोच नियम लागतो तेही बघ. 30 एप्रिल 1980 ला, म्हंजे तेहरानचे ओलीस आत असतानाच, लंडनच्या इराणी वकिलातीत बंदूकधारी घुसले, सहाव्या दिवशी ब्रिटिश कमांडोंनी ती सोडवली. आणि एप्रिल 2024 ला दमास्कसमध्ये इराणच्या कॉन्सुलेटवर हल्ला झाला तेव्हा व्हिएन्ना कराराचा दाखला इराणच देत होता. त्याच आठवड्यात इक्वेडोरचे पोलीस मेक्सिकोच्या वकिलातीत घुसले. ही कलमं कुणाच्या प्रेमापोटी टिकलेली नाहीत, प्रत्येकाचा माणूस कुणाच्या तरी गावात बसलाय म्हणून टिकलीत.

जाता जाता आकड्यांचं. नोट्समध्ये कुठं 66, कुठं 53, कुठं 52 लिहिलेलं दिसेल, तिन्ही बरोबर आहेत. पहिल्या दिवशी धरलेले 66, त्यातले तिघं वकिलातीत नव्हतेच, इराणच्या परराष्ट्र खात्यात कामाला गेले होते, त्यात प्रभारी प्रमुख ब्रूस लेंगन, ते तिथंच अडकले. नोव्हेंबरात बायका आणि कृष्णवर्णीय असे 13 सोडले, उरले 53. जुलैत रिचर्ड क्वीन नावाचा अधिकारी आजारी पडला, मल्टिपल स्क्लेरोसिस, त्याला सोडलं, म्हणून 52. आणि जे सहा जण त्या दिवशी निसटले आणि कॅनडाच्या माणसांच्या घरात लपून जानेवारी 1980 ला कॅनडाच्या पासपोर्टवर, सिनेमाची लोकेशन बघायला आलेली टीम असं सोंग घेऊन विमानानं बाहेर पडले, ते या 66 मध्ये धरायचे नाहीत.